करडी डावीकडे, पांढरी उजवीकडे

मंगळवार, ७ जानेवारी. सकाळी ६.४०, दात घासत असताना.

ठरले. तोंडात पेस्ट असतानाच ठरले, म्हणून चूळ भरायच्या आधी येऊन लिहीत आहे. (पानावर एक थेंब पडला. टिपला.)

करडी अळिंबी आणि पांढरी अळिंबी या एकाच कुळातल्या दोन जाती. सख्ख्या बहिणीच म्हणा. बियाण्याच्या दुकानातल्या माहितीपत्रकात दोघींना मिळून एकच परिच्छेद दिला आहे, आणि त्यातही शुद्धलेखनाच्या दोन चुका. करडी थंडीची, जाड देठाची, सावकाश वाढणारी. पांढरी उकाड्यातही येणारी, पातळ, घाईची. बस्स, एवढेच. एकाच खोलीत, एकाच भुश्श्यावर, एकाच पाण्यावर दोघींना शेजारी वाढवून कोणी नीट तुलना केली आहे का? माझ्या तरी वाचनात नाही. मी करणार.

लोक मशरूम म्हणतात. मी अळिंबी लिहिणार.

पुढचे सोपे आहे. जी जात सरस ठरेल तिची लागवड. आठवड्याला दहा किलो, नदीपलीकडच्या कंपनीच्या कँटीनला. मग आत्याचे शिवणकाम बंद. तिने जन्मभर लोकांच्या पँटी आखूड केल्या, चेनी बदलल्या, त्यावर मला वाढवले. आता तिने पाय पसरून बसावे.

आजपासून रोजनिशी रोज. न चुकता.

गुरुवार, ९ जानेवारी.

काल राहिले. शेवटचा अपवाद.

आत्याला सांगितले, की मागच्या खोलीचा अर्धा भाग प्रयोगासाठी, भुश्श्याच्या पिशव्या टांगायला लागेल. ती म्हणाली, आणि मी कुठे झोपू, मशीनवर? तिचा पलंग, मशीन आणि गिऱ्हाइकांचे कपडे सगळे मागच्याच खोलीत असते हे खरे आहे. पण पुढच्या खोलीत माझा पलंग आणि टेबल आहे, आणि मला झोप हलकी. तिला हे पटवून दिले. ती म्हणाली, घ्या प्रोफेसर, भिंतीकडची बाजू घ्या, पण एक जरी किडा गिऱ्हाइकाच्या कपड्यावर दिसला तर त्या पिशव्यांशेजारी तुलाही टांगीन.

ती मला प्रोफेसर म्हणते. अकरावीच्या दुसऱ्या खेपेनंतर म्हणायला लागली. तिचा माझ्यावर विश्वास आहे.

कुरिअरच्या ऑफिसातून शेवटचा पगार अजून आलेला नाही. मला काढले असे माझी लग्न झालेली ताई सगळीकडे सांगते. वस्तुस्थिती अशी, की लोक पाकिटावर पत्ता अशुद्ध लिहून आणतात, मी काउंटरवर तो शुद्ध करून देत होतो, आणि त्यातली काही पाकिटे परत आली. याला काढणे म्हणत नाहीत. मतभेद म्हणतात.

शनिवार, ११ जानेवारी.

बियाण्याच्या दुकानात गेलो. आतल्या बाजूला अळिंबीचे बी विकणाऱ्या बाई बसतात. चार पाकिटे सांगितली, दोन करडी, दोन पांढरी. त्या आत गेल्या आणि चार पाकिटे घेऊन आल्या. एकावरही लेबल नाही. मला वाटलेच होते. मी घरून लेबले करून नेली होती. क-१, क-२, प-१, प-२, काळ्या शाईत. डावीकडच्या दोन पाकिटांवर क लावले, उजवीकडच्या दोनांवर प.

मी लेबलांच्या कडा बोटाने दाबत असताना बाई करडीबद्दल काहीतरी सांगू लागल्या. थंडी, गाडी, माल असे काहीतरी. मी म्हटले, मी सगळे वाचले आहे. त्या म्हणाल्या, बरं दादा, तुम्हाला चालतंय ना, मग झालं. आणि हसल्या.

बायकांना नीटनेटका माणूस आवडतो.

मंगळवार, १४ जानेवारी. दुपारी.

पिशव्या भरल्या. आठ. चार करडी, चार पांढरी. गव्हाचा भुस्सा आत्याच्या कपडे उकळायच्या पातेल्यात उकळला. घरभर ओल्या गवताचा वास. आत्या म्हणाली, घरात बैल बांधलाय असं वाटतं, फक्त शेणाची सोय नाही.

तिच्या पलंगाच्या डोक्याशी दोऱ्या बांधून पिशव्या टांगल्या. करडी डावीकडे, पांढरी उजवीकडे. मधल्या दोन हातांत तिचा पलंग बरोबर बसला, जणू मापून केला होता.

दमटपणा टिकावा म्हणून खिडकीला प्लॅस्टिक लावून चारी बाजूंनी टेप मारली. पंखा बंद, कारण वाऱ्याने पिशव्या सुकतात. आत्या म्हणाली, या अंधारात मला सुईत दोरा कसा दिसायचा? दहाचा बल्ब आणून दिला. तिच्या मागण्या वाढत आहेत, पण मी शांत राहिलो.

रविवार, २ फेब्रुवारी.

मधले दिवस निरीक्षणात गेले, लिहिणे झाले नाही. उद्यापासून रोज.

पिशव्या आतून पांढऱ्या धाग्यांनी भरल्या. अनोळखी माणसाला आठही पिशव्या सारख्या दिसतील, पण आता माझी नजर तयार झाली आहे. करडीचे धागे विचार करून पुढे सरकतात. पांढरी उथळ आहे, दिसली जागा की पसरली. पान भरून लिहिले.

आत्याला हा फरक दाखवला. तिने चष्मा लावून डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले, आणि म्हणाली, अरे, एकाच ताग्यातले दोन तुकडे वाटतात मला. मी म्हटले, त्याला शिक्षण लागते. ती म्हणाली, हो बाबा, ते आपल्या घरात तुझ्याकडेच आहे.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी.

कोंब फुटले. दोन्ही बाजूंना एकाच दिवशी. (योगायोग. नोंद घेतली.)

कँटीनच्या मॅनेजरला भेटलो. भला माणूस, पण घाईचा. म्हणाला, कोवळे आण, रुपयाएवढे असतानाच तोड, आठवड्याला दहा किलो देत असशील तर सोमवारपासून घेतो, रोख. मी म्हटले, इतक्यात नाही. आधी दोन्ही जाती पूर्ण वाढू द्याव्या लागतील, नाहीतर तुलना न्याय्य होणार नाही. तो म्हणाला, तू न्याय कर, मला दुपारी तीनशे लोकांना जेवायला घालायचंय. आणि आत गेला.

दार उघडेच ठेवून गेला. म्हणजे त्याला रस आहे.

बुधवार, १२ फेब्रुवारी.

काय वाढल्या आहेत. तळहाताएवढ्या, थरावर थर, कडा वर वळलेल्या. बॅटरीच्या उजेडात पाहिले तर टोप्यांच्या खालून अगदी बारीक धूर निघतो, सारखा, आवाज न करता. तो धूर नव्हे. ते बीजाणू. माहितीपत्रकात आहे.

काळा कागद आणला. एक करडी टोपी एका कागदावर, एक पांढरी दुसऱ्यावर, पालथी घालून ठेवली. सकाळी उचलून पाहतो तो खाली पांढऱ्या पुडीची नक्षी, टोपीच्या एकेका पाकळीची रेघ. एका टोपीतून एवढी पूड एका रात्रीत. इतके देखणे काही मी या घरात पाहिले नव्हते. करडीची नक्षी जास्त संयमी आहे.

दोन्ही कागद फ्रेम करायचा विचार आहे. आत्या म्हणाली, आधी माझ्या चष्म्यावर बसलीय ती पुसून दे, मग फ्रेम कर.

रविवार, १६ फेब्रुवारी.

आत्याला खोकला. कोरडा. एकदा सुरू झाला की थांबत नाही. पुढच्या खोलीत माझे लक्ष विचलित होते. एका ओळीत 'आर्द्रता' शब्द दोनदा लिहिला गेला.

आज एक गिऱ्हाईक काळी पँट परत घेऊन आले. बाईमाणूस, नवऱ्याची पँट. म्हणाली, ही पांढरी पूड कसली, पीठ चाळता का याच्यावर? आत्याने पँट झटकली आणि झटकताना इतकी खोकली, की त्या बाईने पैसे न मोजताच टेबलावर ठेवले.

मी विचार केला. पूड पांढरी. पूड मशीनवर, कपड्यांवर, आत्याच्या उशीवर. शिवणकामात काय निघते? दोऱ्याची आणि कापडाची धूळ. कापसाच्या धुळीने छाती भरते हे सर्वांना माहीत आहे. कारण सापडले.

आत्याला समजावले. ती म्हणाली, तीस वर्षं शिवतेय, आजच कशी भरली? मी म्हटले, तीस वर्षांची आजच भरली.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी.

पुरावा मिळाला.

आत्या दोन दिवस ताईकडे राहून आली. जाताना संध्याकाळचा ताप आणि खोकला. तिकडे दोन्ही गेले. परत आली, एक रात्र मागच्या खोलीत झोपली, की पुन्हा ताप आणि खोकला. ताईच्या घरात काय नाही? शिवणयंत्र नाही.

कुरिअरमध्ये माझी कदर झाली नाही, पण असा विचार करणारा माणूस तिथे दुसरा नव्हता.

आत्याला म्हटले, मशीन जायला हवे. तुझ्या प्रकृतीसाठी म्हणतो. तिने मशीनवरचे अर्धवट कापड काढून घडी केले. मग म्हणाली, आणि खायचं काय? मी म्हटले, अळिंबी. ती म्हणाली, नुसतीच? मी म्हटले, विकून. ती म्हणाली, मग एखादी विक की रे कधीतरी.

शास्त्रीय कामात घाई करता येत नाही, हे तिला कितीदा सांगायचे.

मंगळवार, २५ फेब्रुवारी.

मशीन गेले. बाजारातला एक शिंपी येऊन घेऊन गेला. त्याने पायडल मारून पाहिले, कान लावला, म्हणाला, गुळगुळीत चालतं, असं ठेवलेलं मशीन बघायला मिळत नाही. आत्याने ते पुसून त्याला तेल घातले. विकलेल्या वस्तूला तेल कशाला, असे मी विचारले. ती म्हणाली, त्याला नको का शिवायला.

शिंपी गेल्यावर ती तिच्या स्टुलावर तशीच बसून राहिली, समोर मशीन असल्यासारखी. पाय एकदा हलला. प्रकृतीत फरक पडायला सुरुवात झाली असावी.

आलेल्या पैशांतून खोली दमट ठेवणारे यंत्र आणले. पांढरा डबा, वरून वाफ, निळा दिवा. मशीनच्या जागी अगदी बरोबर बसले.

दारावर पाटी लावली: 'शिवणकाम प्रकृती-अस्वास्थ्यामुळे कायमचे बंद.' सोपी पाटी नव्हे. शेजाऱ्याने लिहिली असती तर दोन चुका निघाल्या असत्या.

रविवार, २ मार्च.

दुसरी तोड आली, पहिलीपेक्षा दाट. पहिल्या तोडीची अळिंबी दोन्ही बाजूंची वाळवून बरणीत ठेवली आहे, नमुना म्हणून. विकायची नाही.

आत्याचा खोकला अजून आहे. जुनी धूळ निघायला वेळ लागणारच. आता ती जिन्यात मधे एकदा बसते. भाजीची पिशवी मी घेतो. (आठवणीने.)

दुपारी ताई आली. आल्या आल्या विचारले, मशीन कुठाय? मी मुद्देसूद सांगितले. ताईने मला जे म्हटले ते इथे लिहीत नाही. तीन शब्द होते, त्यांतला एक मला शब्दकोशात पाहावा लागेल. ती आत्याला ओढून छातीच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. आत्या जाताना म्हणाली, पिशव्यांवर पाणी मारून ठेव रे, तुझं नुकसान नको.

गुरुवार, ६ मार्च.

आत्या रविवारी रात्रीच घरी परत आली होती; तपासण्यांचे निकाल आज आले, आणि ताईने फोनवर डॉक्टरांचे म्हणणे सांगितले. धूळ कापसाची नाही. अळिंबीच्या बीजाणूंची. ज्यांच्या छातीला ते सोसत नाहीत, त्यांची फुप्फुसे आतून सुजतात, आणि तशीच हवा ओढत राहिले तर पुढे कडक होतात, मग परत मऊ होत नाहीत. सगळे आजच्या आज फेकून दे, म्हणाली. नाही फेकलंस तर मी येऊन फेकते, तुझ्यासकट.

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ पलंगावर बसलो. खरेच सांगायचे तर ही बातमी मोठी आहे.

कारण हा मुद्दा कोणीही तुलनेत घेतलेला नाही.

चव झाली, वजन झाले, देठ झाला. पण दोन बहिणींतली कोणती छातीला जास्त झोंबते? मोठी लागवड करायची तर हे कळायलाच हवे. उद्या माणसे कामाला ठेवीन, त्यांच्या जिवाशी खेळणार का मी? आणि ज्या माणसाला बीजाणू सोसत नाहीत असे डॉक्टरांनीच लिहून दिले आहे, तो माणूस आपल्याच मागच्या खोलीत आहे. अशी संधी दुसऱ्याला मिळत नाही.

तक्त्यात नवा रकाना आखला. शीर्षक: 'खोकला'.

आत्याशी बोललो. सगळे खरे सांगितले, लपवले काहीच नाही. एक आठवडा पलंग डावीकडे, करडीला चिकटून. एक आठवडा उजवीकडे, पांढरीला चिकटून. मग प्रयोग संपला, पिशव्या बाहेर, ऑर्डर पक्की. तिने विचारले, यानंतर खरंच विकशील? मी म्हटले, शब्द देतो. तिने विचारले, आणि कामाला जाशील, रोज, माणसांसारखा? मी म्हटले, हेच माझे काम असेल. ती छताकडे बघत म्हणाली, मला काय, या वयात कुणी परीक्षेला बसवतंय.

मग तिने ताईला फोन लावला आणि म्हणाली, टाकल्या बाई सगळ्या. हो, माझ्यासमोर. नको, तू नको येऊस इतक्यात, मी आता ठीक आहे.

ती इतकी सहज खोटे बोलू शकते हे मला माहीत नव्हते. सावध राहायला हवे. स्वतःच्या त्रासाबद्दलही ती खोटे सांगू शकते.

सोमवार, १० मार्च.

करडीचा आठवडा. डॉक्टरांनी दिलेला मास्क आत्याने लावला होता. तो काढायला सांगितला, निदान नोंदीच्या वेळी. मास्कमागून सगळ्या जाती सारख्याच होतील. ती म्हणाली, मला वाटलं तो प्रयोगाचा भाग असेल. चांगली विनोदी आहे आत्या.

नोंदी सकाळी, दुपारी, संध्याकाळी. दुपारचा खोकला सर्वांत विश्वासार्ह. सकाळचा तिला आवरता येतो. मला उठवायला नको म्हणून उशीत तोंड घालून खोकते, असे आज लक्षात आले. तसे करू नकोस म्हणून सांगितले. मोजता येत नाही.

गुरुवार, १३ मार्च.

करडी: मध्यम खोकला, थोडा ताप. एकूण सौम्य आणि भारदस्त. मला अपेक्षित होतेच.

आत्या आज जेवली नाही. चहा अर्धा. म्हणाली, प्रोफेसर, करडीबाईचा मुक्काम कधी हलायचा? मी म्हटले, रविवारी. ती म्हणाली, मग पांढरीबाई येणार. मी हो म्हटले. ती म्हणाली, तिला सांग, बसायला स्टूल आहे, मशीन नाही.

तिला बोलता बोलता दोनदा थांबावे लागले. वाक्याच्या मधे. नोंद घेतली.

रविवार, १६ मार्च.

पलंग उजवीकडे हलवला. आत्याला उठवेना, म्हणून तिच्यासकट हलवला. खाली जुने फडके घालून, हळूहळू, एकदाही धक्का लागू दिला नाही. ती म्हणाली, लहानपणी तुला असंच झोपेतून उचलून न्यायचे रे, वजन काहीच नव्हतं तुझं. मी म्हटले, तुझेही आता नाही. खरोखरच हलका लागला पलंग.

बुधवार, १९ मार्च.

फरक स्पष्ट. इतका स्पष्ट, की माझे मलाच आश्चर्य वाटते.

पांढरी दुष्ट आहे. करडीच्या आठवड्यापेक्षा जवळपास दुप्पट खोकला, ताप रोज, ओठ निळसर. करडीच्या वेळी ती बसून चहा घेत होती, आता मी चमच्याने देतो. दोन बहिणी, एक कूळ, एक भुस्सा, एक पाणी, आणि स्वभावात जमीन-अस्मानाचा फरक. हे मी पहिल्या दिवसापासून म्हणत होतो.

आठवडा पूर्ण व्हायला चार दिवस आहेत. पण निकाल इतका उघड आहे, की शुक्रवारी जाऊन करडीची वीस पाकिटे घेऊन येतो. आत्याला निकाल सांगितला नाही. मधेच सांगितले तर तिच्या खोकल्यावर परिणाम होईल.

शुक्रवार, २१ मार्च.

सकाळी बियाण्याच्या दुकानात गेलो. बाईंना वीस पाकिटे करडी मागितली. फक्त करडी, म्हटले. पांढरीचे एकही नको, तिचे गुण मला आता माहीत आहेत.

बाई म्हणाल्या, करडी कुठली? डिसेंबरपासून करडीची गाडीच आली नाही. मी म्हटले, जानेवारीत तुम्ही मला दोन दिली होती. त्या म्हणाल्या, चारही पांढरीच होती दादा, एकाच पोत्यातली. सांगत होते की तुम्हाला, थंडीत माल आला नाही म्हणून. तुम्ही म्हणालात, मी सगळं वाचलंय.

मी म्हटले, त्यांवर लेबले होती.

बाई म्हणाल्या, लेबलं तुम्हीच लावलीत ना.

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइके होती. त्यांतला एक हसला. मी काय घ्यायला आलो होतो ते विसरून एक रिकामी पिशवी विकत घेतली आणि बाहेर आलो.

घरी आलो तो दार उघडे. मागच्या खोलीत खिडकीवरचे प्लॅस्टिक फाडलेले, पंखा चालू. आठही पिशव्या जिन्याखालच्या कचऱ्यात. ताई न सांगता आली होती. शेजाऱ्याने सांगितले, आत्याला खुर्चीवर बसवून खाली नेले, रुग्णवाहिकेत, तोंडावर नळी लावून. म्हणाला, तुमची ताई रडत पण नव्हती हो, तुमचं नाव घेत होती.

पलंग रिकामा. उशीवर पांढरी पूड, मधे डोक्याच्या आकाराची जागा तेवढी स्वच्छ.

पांढरीच्या आठवड्याच्या नोंदी अपूर्ण राहिल्या.

रविवार, २३ मार्च.

काही लिहावेसे वाटत नाही. पण नियम तो नियम.

आठही पिशव्या पांढरी. मग पहिल्या आठवड्यात खोकला कमी आणि दुसऱ्यात दुप्पट का? एकच शक्यता उरते, आणि ती मला मान्य नाही.

वाफेच्या यंत्राचा निळा दिवा बंद केला.

रविवार, ३० मार्च.

आत्याला भेटायला गेलो. ती आता ताईकडे आहे. ताईने दार उघडले, मला आत घेतले, पण माझ्याशी बोलली नाही. भाऊजींकडून निरोप दिला, पंधरा मिनिटं, म्हणावं.

आत्या उशांना टेकून बसली होती. नाकात नळी, शेजारी घुरघुरणारे यंत्र. भाऊजी म्हणाले, डॉक्टर म्हणतात जेवढं कडक झालंय तेवढं आता तसंच राहणार, घरातल्या घरात फिरेल, जिना विसरा.

ती मला पाहून हसली. तिचे हात मांडीवर होते आणि बोटे हलत होती, कापडाची शिवण चाचपावी तशी. मला जवळ बोलावले. दोन शब्दांमागे एक श्वास, असे बोलते आता. म्हणाली, काय प्रोफेसर, निकाल लागला का? कोणती जिंकली?

मी दाराकडे पाहिले. ताई उभी होती.

मी म्हटले, करडी.

आत्या म्हणाली, वाटलंच मला. त्या अंगाला जरा बरं वाटायचं. झोप लागायची तिकडे. आणि डोळे मिटले, मी काही मोठे काम केल्यासारखे माझा हात थोपटला.

बसमध्ये सारखा तोच विचार करत होतो. आत्याला मी दुकानातले काहीच सांगितले नव्हते. पोत्यात काय होते, तिला काय माहीत? तरीही तिला डावीकडे बरे वाटले. तिच्या छातीपेक्षा खात्रीचा साक्षीदार कोण? म्हणजे फरक आहे. म्हणजे डावीकडची चार करडीच होती, आणि बाईंचा काहीतरी गोंधळ होत आहे. दुकानात रोज इतकी गिऱ्हाइके, कोणाला काय दिले ते कसे लक्षात राहणार?

घरी येऊन पुन्हा सगळ्या नोंदी वाचल्या. कुठेही खाडाखोड नाही.

रविवार, ६ एप्रिल. सायंकाळी ७.१५, काही करत नसताना.

कँटीनच्या मॅनेजरकडे जाऊन आलो. त्याने डबाबंद माल सुरू केला आहे. म्हणाला, तुझा न्याय झाला का? मी म्हटले, जवळजवळ. वाळवलेल्या अळिंबीची बरणी त्याला दाखवली. त्याने झाकण उघडले, आत पाहिले, आणि झाकण लावून दिले. आत पोरकिडे झाले होते.

शिंप्याच्या दुकानावरून आलो. मशीन खिडकीशी ठेवले आहे. एक मुलगी चालवत होती. आवाज लगेच ओळखू आला, बाहेरून, गर्दीतही. थांबलो नाही.

घरात फार शांत असते. झोप हलकी असूनही रात्री जाग येत नाही, हे एक चांगले. मागच्या खोलीत आता नोंद घेण्यासारखे काही नाही. अंतिम निष्कर्ष पुढील लागवडीपर्यंत राखून ठेवत आहे.

हिशेब.

खर्च: बी ४८०. भुस्सा १५०. प्लॅस्टिक, टेप, दोरी, बल्ब १२५. काळा कागद ६०. वाफेचे यंत्र ५,२००. रिकामी पिशवी (२१ मार्चची) १०. एकूण ६,०२५.

जमा: शिवणयंत्र ५,५००. अळिंबीची विक्री काही नाही.

तूट ५२५. ती आत्याच्या बटणांच्या डब्यातून घेतली होती. घरातलीच, म्हणून देणे धरलेले नाही.

ताईचे देणे: डॉक्टर, रुग्णवाहिका, नळीचे यंत्र. ती आकडा सांगत नाही, बोलतच नाही. आकडा नाही म्हणून शून्य.

आत्याचे देणे: शिवणयंत्र तिने आपणहून दिले. शून्य.

एकूण देणे शून्य.

करडीच्या नव्या बियांसाठी ४८० लागतील. ताईकडे मागता येणार नाही. पुढच्या रविवारी आत्याला विचारतो. ती नाही म्हणणार नाही.